अ‍ॅव्हरेजकाकांनी खोडलेली हिट

अ‍ॅव्हरेजकाका सामन्यात कधी टाळी वाजवत नसत. अमरावतीच्या मैदानावर बेसबॉलचा चेंडू कुंपणापार जायचा, सगळे उठून नाचायचे, आणि हा माणूस झाडाखालच्या खुर्चीत बसून पेन्सिलीनं बारीक रेघ ओढायचा. "स्कोअररनं नाचाचं नसते. नाचला का हात हालते."

मूळचे अकोल्याचे, एसटीतून निवृत्त झालेले. भाषणं ठोकायला व्यासपीठावर डझनभर पाहुणे. कुणी किती वेळा बॅट धरली आणि त्यात खऱ्या हिट किती, म्हणजेच अ‍ॅव्हरेज, हे लिहायला एकटे काका. याची मला आजही चीड येते.

अमेरिकेत हा खेळ नुकताच व्यावसायिक झाला, त्या काळातल्या फलंदाजांच्या याद्या त्यांना तोंडपाठ. "हातात धड ग्लोव नाही, आन् मारत कसे होते, पाह्य." मग एका हंगामाची गोष्ट हमखास यायची. "बॉल बाहेर पडत गेले, गडी फुकटात चालत बेसवर गेला, तरी त्याले हिट दिली. अ‍ॅव्हरेज असे फुगले का बस. मंग मागून आलेल्या लोकायले ते पुसा लागलं."

आमच्या विभागाच्या संघातून राज्य शिबिराला एकच फलंदाज जाणार होती, अ‍ॅव्हरेजच्या यादीत जी पहिली ती. चुरस दोघींत. मी अकोल्याची, संघाची कॅप्टन. आणि तिकडे डोंगरातल्या धारणीची फुलवंती, सरावाला आधी जीप, मग बस धरून येणारी. शेवटच्या सामन्यात मी मारलेला चेंडू समोरच्या संघातल्या पोरीच्या पायांमधून निसटला. काकांनी हिट लिहिली. मी पहिली आले. पोरींनी मला उचलून मैदान फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मैदानावर बोलावलं.

"तो बॉल त्या पोरीच्या हातातला होता. ते हिट नोय, तिची चूक होय. तुले दिली ते माही चूक."

"काका, यादी लागली आता."

"तू अकोल्याची, मी बी अकोल्याचा. बॉल सुटला आन् मी खुर्चीतून उठलो व. जिंदगीत पयल्यांदा."

शेजारी निवड समितीचे साहेब उभे होते. "राहू द्या हो. ती धारणीची पोरगी शिबिरात टिकणार आहे का?"

काकांनी वहीवरून मान वर केली नाही. हिट खोडली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. खाडाखोडीवर कॅप्टनची सही लागायची, हा त्यांचाच नियम. साहेब म्हणाले, "करू नकोस सही. विषय संपला." काकांचा मला राग आलाच होता, पण साहेबांच्या त्या वाक्यानं डोकंच फिरलं. सही केली. एवढ्या जोरात, की कागद फाटला. काकांना म्हटलं, "आता माझ्याशी बोलू नका." यादी बदलली, शिबिराला फुलवंती गेली.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. त्याआधी एकदाच त्यांचा फोन आला होता, राज्य स्पर्धा सुरू झाली त्या दुपारी. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, श्वास लागलेला.

"आयक. फुलवंतीनं पयल्याच मॅचमधी तीन मारल्या. तिन्ही खऱ्या. म्या सोता पाह्यल्या."

मी गप्प बसायचं ठरवलं होतं.

"तिसरी कुठं मारली, काका?"