लॅबमधल्या ताईंचा चहा

लाखनीच्या लॅबमधल्या ताईंचं नाव मला अजूनही माहीत नाही. त्या चहाला शिवत नाहीत, आणि सुई टोचताना पेशंटच्या आधी स्वतःच "आई गं" म्हणतात.

माझे दोन गर्भ टिकले नव्हते. तिसऱ्या खेपेला मी धास्तीनं दर दोन दिवसांनी रक्त तपासायला जायचे. एका सकाळी ताईंनी सुई उचललीच नाही.

"डॉक्टरीनबाईनं सोनोग्राफीलेच बलावलं ना? मंग? धानाची रोवणी झाल्यावर पऱ्हे रुजले का म्हून रोज उपटून पाह्यतेत काय? आत बोलनं चालू हाय. गर्भ अन् गर्भपिशवी एकमेकाले निरोप धाडून राहिले. सायटोकाईन म्हनतेत त्याले. तो म्हनते, 'मी आलो.' पिशवी म्हनते, 'ये, बस.' तुमी कायले मधात बोलता?"

कित्येक दिवसांनी मी हसले.

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले. ताईंना सांगायला बाहेर धावले, तर सोनोग्राफी सेंटरसमोरच्या टपरीवर त्याच उभ्या होत्या. हातात लॅबचे रबरी मोजे, त्याच हातात चहाचा कप.

"तुम्ही इथं?"

"चहा प्यायले आली," त्या म्हणाल्या.

कप काठोकाठ भरलेला होता. वर जाड साय धरली होती.