ती थांबली ते पान

त्या दुपारी जेवणं झाल्यावर माझी बायको पुस्तक वाचत होती आणि मी ऐकत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेवढंच.

आमच्या अंथुर्णे गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा पन्नाशी उलटल्यावर ती वाचायला शिकली. वर्गातल्या बाईंनी तिला एक जाड पुस्तक दिलं. दीडशे वर्षांमागं एक गोरा शिकारी बैलगाडी घेऊन आफ्रिकेच्या दक्षिणेकडं हत्ती मारत हिंडला, त्याची हकीकत. मला शिकार कळत नाही. बैल कळतात. कारखान्याला ऊस वाहण्यात जन्म गेला.

"एका गाडीला सोळा बैल? ह्या सायबाला गाडी भरता येत न्हाय," मी म्हणालो.

"तुमी दोन बैलांवर डोंगर रचायचा. त्यांनी बी सोळाच मागितलं असतं," ती म्हणाली.

त्या वाटेवर बैल फार मरायचे. कधी तहानेनं, कधी तिकडची रोगट माशी चावून. माझा एक बैल उसाच्या गाडीखाली पडून मेला, तेव्हापासून मला तसलं ऐकवत नाही. तिला ते ठाऊक. तसं काही आलं की ती गप्प व्हायची. मी उठून आमच्या बैलांना वैरण टाकून यायचो. तोवर तिनं तेवढं मनात वाचून टाकलेलं असायचं. असं कधी बोलून ठरवलं नव्हतं.

त्या दुपारी गाडी रेताडात रुतली होती. पाणी कुठंच नव्हतं. वाचता वाचता ती थांबली. पदरानं तोंड पुसलं आणि खाली बघत बसली.

"त्यो पुढचा तांबडा बैल मेला व्हय?"

तिनं नुसता हात हलवला. मला वाटलं, जा म्हणतीय. गेलो. वैरण टाकली, पाणी पाजलं, शेण ओढलं. मुद्दाम वेळ लावला.

आलो तर ती भिंतीला टेकलेली, पुस्तक मांडीवर उघडं.

"झालं का? वाच फुडं," म्हणालो. दोनदा म्हणालो.

डॉक्टर म्हणाला, हृदय. दिवस मावळायच्या आत तिला नेली. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. मला एकच कळायला पाहिजे होतं. ती बैल मेला म्हणून थांबली होती, का दुखत होतं म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं चहा आणला. बायकोला उचलताना कुणीतरी पुस्तक पालथं घातलं होतं, तसंच पडलेलं. मी दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षराखाली बोट धरून बसलो. जोडाक्षर आलं की अडायचो. भेटायला आलेली माणसं बघत होती.

"द्या आबा, मी वाचती," सून म्हणाली. दिलं नाही.

रेताड सापडलं. त्याच्या खालच्याच ओळीत बैलांना पाण्याचा वास लागला होता आणि ते आपणहून गाडी ओढत निघाले होते. पुढची चार पानंही वाचली. एकही बैल मेला नव्हता.