चार्जर उपटला म्हणून

मंडळी, आज सिल्वासाच्या खोलीवर रक्त सांडलं. माझ्या हातून.

आमचा लॅपटॉप एक, त्यात लिनक्सच्या सिस्टिम दोन: माझं उबुंटू, रूममेट भिकनचं मिंट. "घे ना भो माझ्यातली जागा," तोच म्हणाला होता. म्हणून त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा हिस्सा, लहान करत होतो; हे मधेच बंद पडलं तर डेटा उडतो. बॅटरी मेलेली, सगळा भार चार्जरवर.

भिकन गलोंड्याच्या कंपनीतून ड्युटी करून घामाघूम आला. चार्जर उपटून त्याने पंखा लावला. स्क्रीन काळी!

मी त्याला भिंतीवर आपटलं, तोंडावर बुक्क्या हाणल्या. त्याने हात उचलला नाही. नाकाचं रक्त पुसत म्हणाला, "तुझं सगळं गेलं का रे? माफ कर."

चार्जर परत लावून लॅपटॉप चालू केला. माझं उबुंटू उघडलं. त्याचं मिंट गेलं, आणि त्यातले त्याच्या लेकीचे सगळे व्हिडिओही.

तो अजून माझीच माफी मागतोय. कसं सांगू त्याला?