बुधरीचा मुलगा आणि सिलोनची आगबोट

दिनांक १८ एप्रिल १९५५, सोमवार. स्थळ चांदा, जिल्ह्याची कचेरी. वेळ सकाळी पावणेबारा. सावली येथील रहिवासी झाडू लटारू मोहुर्ले, वय सेहेचाळीस, यांचा पासपोर्टचा अर्ज सत्तर दिवस ठेवून घेतल्यानंतर 'बापाच्या नावात विसंगती' एवढ्या तीन शब्दांचा शेरा मारून परत करण्यात आला. मद्रासकडे जाणारी त्यांची गाडी तीस एप्रिलला होती. अर्जदाराच्या हाती बारा दिवस उरले होते. मी अर्जदाराच्या शेजारी उभा होतो. एवढी नोंद मी त्याच दिवशी कचेरीच्या ओट्यावर बसून वहीत केली आणि येथे जशीच्या तशी उतरवीत आहे.

मी सावलीच्या शाळेचा हेडमास्तर. झाडूभाऊ आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी नागपूरला शिकलो आणि तो जंगलालगतच्या एका ठेकेदाराच्या लाकडांच्या डेपोत लागला. गेली अठ्ठावीस वर्षे तो तेथे सागाची गोलाई मोजतो आणि मोजलेल्या प्रत्येक ओंडक्यावर शिक्क्याचा हातोडा मारतो. मे महिन्यात त्या हातोड्याचे लोखंड एवढे तापते की तो ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावा लागतो.

दर हिवाळ्यात लिलावाला मद्रासचा एक व्यापारी येतो. त्याचा भाऊ कोलंबोत असतो. त्याने एकदा झाडूभाऊला सांगितले की आपल्या सागाचा काही भाग जहाजांत लागतो. सिलोनात वैशाखी पौर्णिमेला घरोघर कागदी कंदील लावतात. आणि तेथल्या डोंगरावर भर मे महिन्यात अंगावर घोंगडी घ्यावी लागते. त्याने भावाच्या घरी उतरण्याचे निमंत्रणही दिले. झाडूभाऊला जहाज हवे होते. त्याची बायको गुणाबाई हिला घोंगडी हवी होती.

"मे महिन्यात घोंगडी!" ती मला म्हणाली होती. "मास्तर, इथी तं आमी आंगणात ओलं लुगडं पांघरून झोपतो जी. मले एकडाव उन्हाळ्यात कुडकुडाचं हाय."

सहा वर्षे त्यांनी तिकिटापुरते साठवले. फेब्रुवारीत अर्ज दिल्यापासून रोज संध्याकाळी दोघे शाळेत येत आणि मी नकाशा उलगडत असे. चांद्याहून मद्रास, मद्रासहून धनुष्कोडी, तेथून आगबोट. झाडूभाऊ धनुष्कोडीवर बोट ठेवून थांबे.

"या बोटीत माह्या शिक्क्याचं लाकूड असन का?"

"असले तरी शिक्का राहत नाही. करवतीत जातो," मी सांगितले.

"तुमाले काऊन सांगा लागते जी, मास्तर?" तो म्हणाला. "मी पाहून आलो असतो ना."

गावाने थट्टा करायची ती केली. नथ्थू न्हावी भर बाजारात ओरडला, "झाडूभाऊ, लंकेले जाऊन राह्यला, तं रावणाले माहा रामराम सांगजा!" गुणाबाईने त्याला तेथल्या तेथे ऐकवले, "सांगतो ना. आन् त्याच्या धाई मुंडक्याची हजामत कराले तुलेच धाडतो." त्या दिवसांत या दोघांना हसताना मी जितके पाहिले, तितके उरलेल्या आयुष्यात मिळून पाहिलेले नाही.

आता त्या विसंगतीविषयी.

झाडूभाऊच्या आधी सुगंधाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, तीन मुलगे झाले आणि तिन्ही पाळण्यातच गेले. चौथा जन्मला तेव्हा तिने आमच्या भागातली जुनी रीत केली. तिसऱ्या दिवशी मूल सुपात घालून अंगणात ठेवले. शेजारच्या पिपरटोल्याची गोंडीण बुधरी हिने सूपभर कोदो धान्य देऊन ते विकत घेतले, त्याचे नाव झाडू ठेवले, आणि मग 'माझे मूल सांभाळ' म्हणून ते सुगंधाबाईच्याच ओटीत घातले. हेतू एवढाच, की मृत्यू या घरी मूल शोधीत आला तर त्याला येथे मोहुर्ल्याचे मूल सापडू नये. ही रीत अनेकांनी केली. परंतु सुगंधाबाई एक पाऊल पुढे गेली. जन्ममृत्यूची नोंद करणारा गावचा कोतवाल दारी आला, तेव्हा तिने त्यालाही तेच लिहायला लावले: बाप चैतू, आई बुधरी, वस्ती पिपरटोला. घरात एक आणि सरकारच्या वहीत दुसरे असे ठेवले तर मृत्यू वही वाचील, हा तिचा तर्क होता. मला तो हास्यास्पद वाटत नाही. ज्या वहीने तिचे तीन मुलगे एका ओळीत नोंदले, त्या वहीवर तिचा एवढा विश्वास बसला यात नवल काय?

मूल जगले. पुढे शाळेत बापाचे नाव लटारू लागले. सुगंधाबाई व लटारू वारले, बुधरीचा नवरा चैतूही गेला. बुधरी मात्र सत्तरीत आहे. झाडूभाऊ तिला, गोंडी मुले आईला मारतात तशी, 'याया' म्हणून हाक मारतो आणि दर पोळ्याला लुगडे नेऊन देतो.

अर्जाला जोडलेल्या शाळेच्या दाखल्यात लटारू होता आणि जन्माच्या उताऱ्यात चैतू. कारकुनाने सत्तर दिवसांनी हे पाहिले आणि सर्वांदेखत विचारले, "बाप दोन कसे जी? आधी एक ठरवून या."

मागे रांगेत लोक हसले. झाडूभाऊ हसला नाही. त्याने हात जोडले आणि तो माझ्याकडे पाहू लागला, कारण लिहिणारा मी होतो.

कचेरीच्या साहेबांनी खुलासा लेखी मागितला. त्या रात्री मी दोन ताव लिहिले. सुपापासून कोदोपर्यंत काहीही वगळले नाही. 'सदर बुधरी हयात असून पिपरटोला येथे राहते' हे वाक्यही मीच लिहिले. त्याची कोणी मागणी केली नव्हती. दोन वृद्ध पंचांच्या सह्या जोडून मी तेथेच थांबलो असतो तर चालले असते, हे आज मला कळते. परिपूर्ण लिहिण्याची सवय मला शाळेने लावली. तिची किंमत दुसऱ्याने मोजली.

एकोणीसला खुलासा दिला. विसाव्या तारखेला कचेरीचा हवालदार पिपरटोल्याला जाऊन आला. एकविसाला साहेबांनी आम्हांला बोलावून कागद पुढे सरकवला.

"बाई म्हणते, मुलगा तिचाच. तिनेच जन्म दिला. अंगठाही दिला आहे. मास्तर, मग तुमचे हे दोन ताव खोटे का?"

"साहेब, ती रीत पाळते आहे."

"पाळू द्या. हयात साक्षीदार तुम्हीच दाखवला, आता तिला डावलता येत नाही. सोमवारपर्यंत तिने येथे येऊन शपथेवर सांगावे की मी विकत घेतला. त्याच दिवशी पासपोर्टासाठी माणूस नागपूरला धाडतो. गाडी मिळेल तुम्हांला."

चैतूचा मुलगा म्हणून नवा अर्ज करावा, तर लटारूच्या नावची शेती, शाळेचा दाखला, सारेच खोटे ठरत होते. उपाय एकच उरला. शनिवारी, तेवीस एप्रिलला, झाडूभाऊ, गुणाबाई आणि मी बैलबंडीने पिपरटोल्याला निघालो. गुणाबाईने मांडीवर नवी शिवलेली प्रवासाची पिशवी घेतली होती. ती कशासाठी घेतली हे मी विचारले नाही.

बुधरी दारात मोहफुले वाळत घालीत होती. झाडूभाऊला पाहताच तिने ओरडून विचारले, "आला का रे? त्या टोपीवाल्याले कसा हाकलला मी! म्हणे, तू विकत घेतला का? म्या म्हणलं, चाल हट. माह्या पोटचा हाय."

झाडूभाऊ तिच्यापुढे उकिडवा बसला. "याया, तुले चांद्याले या लागते. साहेबासमोर एकडाव सांगाचं हाय."

"सांगतो ना. माहा पोरगा म्हणून सांगतो."

"तसं नाई." त्याचा आवाज खाली गेला. "खरं सांगाचं हाय."

म्हातारीचे हात थांबले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग कुंपणापलीकडे, जणू तेथे कोणी ऐकत उभे असावे.

"हळू बोल," ती म्हणाली. "कोणं शिकवलं तुले हे? या मास्तरनं?"

मी समजावू लागलो. मी म्हणालो की सेहेचाळीस वर्षे लोटली, मूल केव्हाच वाचले, आता शब्दाने काही होत नाही.

"तुमाले काय माईत जी?" तिने मला मध्येच तोडले. "त्याच्या तीन भावाइले तुमी पुरलं का? मी होती तेथी. सुगंधानं माहा हात धरला, म्हणे, बुधरी, मरतवर बोलजो नाई. मी बोलली नाई म्हणून हा बसला हाय इथी." मग ती झाडूभाऊकडे वळली. आता तिचे डोळे भरले होते. "तुले बोटीत जा लागते, पान्यावर जा लागते, आन् जाच्या आंधी मी त्या मरनाले सांगू, का घे, हा तुहाच व्हय? सांगू का? तू म्हणत असशीन तं चालतो मी. आत्ताच चालतो. सांग."

ती खरोखरच उठली. भिंतीला हात धरून उभी राहिली आणि काठी शोधू लागली.

झाडूभाऊ जमिनीकडे पाहत राहिला. 'चल' एवढा एकच शब्द त्याने उच्चारायचा होता. सोमवार, नागपूरचा माणूस, गाडी, आगबोट, सारे त्या शब्दाच्या पलीकडे उभे होते. माझ्या मनात काय होते ते लिहितो: त्याने तो उच्चारावा असे मला वाटत होते.

त्याने गुणाबाईकडे पाहिले. तिने पिशवी घडी करून कमरेला खोचली.

"बसा, आई," ती म्हणाली. "काई जा नाई लागत. मास्तरचं कागदाचं काम होतं, ते होऊन जाते. मोहफुलं पालथे कराचे राह्यले ना? द्या इकडं."

दोघी मोहफुले पसरू लागल्या. झाडूभाऊने काठी उचलून जागेवर ठेवली.

सोमवारी मी एकटाच कचेरीत गेलो. पिपरटोल्याच्या चार वृद्धांची साक्ष घ्यावी अशी विनंती केली. साहेबांनी माझेच वाक्य मला वाचून दाखवले: 'सदर बुधरी हयात असून.' ती असेपर्यंत दुसऱ्याची साक्ष चालणार नाही, असे सांगितले. म्हणजे झाडूभाऊने बोटीत बसण्यासाठी एक तर म्हातारीला भयाने मारावे, नाही तर तिच्या मरणाची वाट पाहावी. हे मी साहेबांना याच शब्दांत बोललो. त्यांनी पुढचा कागद घेतला.

तीस तारखेला झाडूभाऊ डेपोत कामावर होता. ओल्या पोत्यातून हातोडा काढून त्याने दिवसभर शिक्के मारले. गाडीची वेळ झाली तेव्हा मी तेथे होतो. त्याने वर पाहिले नाही. गुणाबाईने दोन घोंगड्या घेतल्या होत्या. एक पेटीत राहिली, एक त्यांनी पावसाळ्यासाठी बुधरीला दिली. बुधरीला खरे कारण कोणी सांगितलेले नाही. यंदा बोट भरली होती, पुढच्या साली माझा पोरगा जाणार, असे ती बाजारात सर्वांना सांगते.

वाचकहो, मी हे तुमच्या हळहळीसाठी लिहिलेले नाही. तीन गावांच्या जुन्या नोंदी मी पाहिल्या. विकत घेणाऱ्याच्या नावे लिहिलेली एकोणीस मुले सापडली. या जिल्ह्यात ती किती असतील ते तुम्ही जाणता, कारण त्यांतले काही तुम्हीच आहात. अशांपैकी प्रत्येकाने डिसेंबर संपण्यापूर्वी सावलीच्या हेडमास्तरांच्या नावे एक पोस्टकार्ड धाडावे. त्यावर आपले नाव, गाव, विकत घेणाऱ्याचे नाव आणि रीत जाणणाऱ्या दोन वृद्धांची नावे असावीत. अशा नोंदींत पंचांची साक्ष पुरेशी मानावी, असा एकत्र अर्ज मी जानेवारीत कचेरीत नेईन. पुढच्या वैशाखाला तेवढा वेळ पुरतो.

पोस्टकार्ड धाडा. आणि पिपरटोल्याला बुधरीकडे काही विचारायला कोणीही जाऊ नका.