उजवा कान

माझ्या उजव्या कानाला ऐकू येत नाही, हे आईवडिलांच्या माघारी घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माझा गल्लीतला मित्र. लहानपणी कान वाहून वाहून कायमचा बंद पडला. पुढं सोलापुरात सुताच्या एका पेढीवर निरोप्या म्हणून लागलो, तेव्हा मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. विणकरांच्या घरोघर सुताच्या दराच्या चिठ्ठ्या पोचवायला शेटजींनी सायकल दिली होती. अर्ध्या बहिऱ्याला कोण सायकल देतो?

मित्रही तेव्हा सायकलवरच हिंडायचा. रस्त्यावर टांगे, कापसाच्या गाड्या आणि त्यांतून वाट काढणाऱ्या उतारूंच्या नव्या सर्विस मोटारी. त्या मागून यायच्या आणि उजव्या अंगानं पुढं जायच्या. म्हणून तो नेहमी माझ्या उजवीकडून चालवायचा. "तिकडचं मी बघतो, तू सरळ चल," म्हणायचा. जीव ओवाळून टाकावा असा माणूस वाटायचा मला.

मग तो अक्कलकोटच्या मोटारीवर ड्रायव्हर झाला. खाकी कोट अंगावर चढला. मी त्याला बजावलं, "माझ्या मागनं आलास तर जोरात हॉर्न दे अन् दोन हात जागा सोड." डावा कान शाबूत होता, हॉर्न त्याला चांगला ऐकू यायचा.

"तुज्या अंगावर मोटार घालायला मी काय परका हाय व्हय?" तो हसत म्हणाला.

परका परवडला असता. एका सकाळी दुसऱ्या मोटारीच्या आधी उतारू गाठायच्या नादात त्यानं मला घासून मोटार काढली. हॉर्न नाही की काही नाही. मडगार्ड माझ्या हँडलला लागलं आणि मी कडेच्या खडीच्या ढिगावर आपटलो. मनगट मोडलं. गर्दी जमली, फौजदार आले. हॉर्न दिला नाही, असं मी सांगितलं.

लायसन जाणार म्हणून त्याचं तोंड उतरलं होतं. चूक झाली म्हणेल, असं मला वाटलं. तेवढं म्हणाला असता तर मी तक्रार तिथंच सोडली असती.

"हॉर्न दिला की, साहेब," तो म्हणाला. "ह्याला उजव्या कानानं ऐकूच येत न्हाई. ल्हानपणापासनं. इचारा त्यालाच."

मी मान खाली घातली. "मग गिरणीचा भोंगा तरी ऐकू येतो का रे?" फौजदारांनी विचारलं आणि गर्दी खो खो हसली. मोटारीतल्या उतारूंना खरं माहीत होतं, तेही हसले. डाव्या कानाचं सांगायला मी तोंड उघडलं खरं, पण आवाजाबद्दल बहिऱ्याची साक्ष कोण ऐकून घेणार? दुपारपर्यंत बातमी पेढीवर पोचली. शेटजी गोडच बोलले, पण सायकल ठेवून घेतली आणि कामही गेलं.

आठवड्यानं तो केळी घेऊन घरी आला. बायको नळावर गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी रागानं जळत होतो, तरी मूर्खासारखा अजून कसली तरी वाट बघत होतो.

"पोटासाठी खोटं बोललास, ते मी समजू शकतो," मी म्हणालो. "मीही कान लपवलाच होता. आता इथं कुणी नाही. मला एकट्याला खरं सांग. हॉर्न दिला होतास?"

त्यानं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला.

"दिला की," तो म्हणाला. "तुलाच ऐकू आला न्हाई."