मेंढीच्या छातीला कान

आमच्या पंचक्रोशीत मेंढीला सर्दी होईल, पण आमच्या मामांच्या नकळत होणार नाही. वालचंदनगरला फिटर असताना स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचं दुखणं ओळखत. निवृत्तीनंतर त्यांनी डाळजला मेंढ्या पाळल्या आणि तोच कान मेंढ्यांच्या बरगड्यांना लागला. माणसंही त्यातून सुटली नाहीत. इंदापुरात माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली असताना मुलाचे वडील जरा खोकले, तर हे गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, चाऱ्यावर मन हाय न्हवं?" तरीही लग्न जमलं, हा त्या पाहुण्यांचा मोठेपणा.

मामांचा खरा जीव एका मेंढीत. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आता थकलेली. तिला ते 'म्हातारी' म्हणतात. गावाजवळच्या धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा तिला सोसणार नाही, म्हणून मागच्या हिवाळ्यात त्यांनी गोठ्याला चहूबाजूंनी साखरेची पोती शिवली. थोड्याच दिवसांत म्हातारी खोकू लागली. मान लांब करून धापा टाकायची, घासाला तोंड लावेना. मग मामांनीही जेवण सोडलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, इंजेक्शन दिलं आणि पोत्यांकडे बोट दाखवलं. "मामा, आधी ही काढा. मुताची वाफ कोंडलीय आत."

"आवो, गारठ्यानं मरंल की ती!"

"खाली कोरडं असलं तर वारा सोसतो. ही वाफ नाही सोसत. तुम्हीच बसून बघा आत."

मामा खुर्ची आणि पेपर घेऊन हट्टानं आत बसले. पहिलं पान संपायच्या आत डोळ्यांना धारा लागून खोकत बाहेर आले. मामी म्हणाली, "आता तुमच्या छातीला कान कुणी लावायचा?" मामांनी विळा घेतला, सगळी पोती टराटरा फाडली, ओल्या लेंड्या उपसून उसाचं कोरडं पाचट अंथरलं आणि निवृत्तीच्या सत्कारात मिळालेली शाल म्हातारीच्या पाठीवर टाकली. औषध चालूच होतं. एका सकाळी म्हातारीनं ती शालच चघळायला घेतली. "अगं बघ, खातीया!" असं ओरडून मामा लहान मुलासारखे रडले.

आता घराच्या खिडक्याही सताड उघड्या असतात आणि मामी स्वेटर घालून भाकरी थापते. मी भेटून परत निघताना मामा मला जवळ घेतात. मी उंच, त्यामुळे त्यांचा कान बरोबर माझ्या छातीवर येतो. पूर्वी मला हसू यायचं. म्हातारीच्या दुखण्यापासून ते जरा जास्त वेळ ऐकत राहतात, मग "झ्याक हाय" म्हणतात. गाडी सुटायची वेळ झालेली असते, पण मीही सावकाश श्वास घेत उभा राहतो.