आवाज फाटतोय!

सांगलीत हेवी मेटल वाजवणाऱ्याकडे चाहते जमत नाहीत, किस्से जमतात. चाहते जमले असते तर किस्से सांगायची वेळच आली नसती! मित्र चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, "ते पेडलचं सांग की रे." मग मी सांगतो आणि सगळे हसतात. मीही हसतो. दुसरं करणार काय?

आम्ही तिघं. गिटारला मी, गायला सम्या आणि ड्रमला कडेगावचा विन्या, जो त्याआधी वरातीत बेंजो पार्टीबरोबर वाजवायचा. आमची मागणी फार नव्हती. सांगली हे नाटकवाल्यांचं गाव, इथं एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर मिळायचे म्हणे. आम्हाला एकच हवा होता. एका माणसानं, एकदाच, "थांबू नका" म्हणावं. बस्स!

*

पेडल म्हणजे पायाशी ठेवायचा लोखंडी डबा. गिटारचा गोड आवाज त्यातून गेला की फाटून, खरखरून बाहेर पडतो. त्या फाटण्यावरच सगळं मेटल उभं आहे. विश्रामबागेत पेटी-तबले विकणाऱ्या एका काकांनी तो माझ्यासाठी मागवला होता. दुकानातच लावून बघितला. एक कॉर्ड वाजवली आणि अंगावर काटा आला! काकांनी धावत जाऊन प्लग काढला.

"पीस खराब आलाय. आवाज फाटतोय."

"काका, तो फाटायसाठीच असतो."

काकांनी प्लग हातातच धरून ठेवला. "म्हणजे चांगला आवाज तू आपणहून बिघडवणार?"

"हो."

"मग मी वॉरंटी कशाची देऊ? बिघडायची की न बिघडायची?"

*

घरी आलो. आतल्या खोलीत पेडल जोडला. आई स्वयंपाकघरात चटणी वाटत होती. मी सुरू केलं आणि तिनं मिक्सर बंद केला. आवाज चालूच! प्लग काढला, भांडं उचलून बघितलं. तरी आवाज चालूच! शेवटी आवाजाचा माग काढत ती माझ्या दारात आली.

"तू आहेस होय! मला वाटलं मिक्सर गेला."

मी म्हटलं, चला, सुटलो. तर जाता जाता म्हणाली, "मिक्सर गेला असता तर परवडलं असतं रे."

*

मग आम्ही कुपवाड गाठलं. तिथं सम्याच्या चुलत्यांचं, अण्णांचं, शेड होतं. पूर्वी आठ-दहा माणसं तिथं ग्राइंडर घेऊन कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, घासत बसायची आणि पाचला अण्णा मेन स्विच ओढून त्यांची सुट्टी करायचे. पुढं काम तुटलं, माणसं गेली, मशिनं विकली. अण्णा मात्र रोज गाडीला डबा अडकवून यायचे, गेटशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे आणि पाच वाजले की कुलूप लावून घरी जायचे. आमच्या वाजवण्याबद्दल ते बरं बोलायचे नाहीत आणि वाईटही नाहीत.

एमआयडीसीत आवाजाची तक्रार कोण करणार? कुणीच केली नाही. उलट पहिल्याच दिवशी शेजारच्या कारखान्यातला फिटर मदतीला धावून आला. हातात ग्रीसगन!

"कुठलं मशीन हाय?"

"मशीन नाही हो, गिटार आहे."

त्यानं मान तिरकी करून नीट ऐकलं. "आसंल. पण बेअरिंग गेलंय बगा."

*

विन्याच्या ओळखीनं कडेगावात गणपतीसमोर वाजवायला मिळालं. आमचा पहिलाच कार्यक्रम. दुसऱ्या मिनिटाला साउंडवाला ओरडला, "फाटतंय गड्या, फाटतंय! माझं बॉक्स जातील!" आणि त्यानं गिटार पार शून्यावर आणली. उरला विन्याचा ड्रम आणि सम्याचं घशातून गुरगुरणं.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात जोडून उठली. "आगं बया, अंगात आलंय की त्येच्या!" झालं! कुणी कुंकू आणलं, कुणी लिंबू. म्हातारी सम्याच्या पायावर. "देवा, माज्या बाळूचं लगीन कवा जमंल?"

सम्या घाबरला, पण आवाज सोडला नाही. तसाच गरजला, "दिवाळीनंतर!"

टाळ्याच टाळ्या! मागनं लोक ओरडायला लागले, "आजून येक! आजून येक!" गाणं नव्हे हो, प्रश्न. बाळूचं लग्न दिवाळीनंतर खरंच जमलं. सम्याला त्या गावातून अजून फोन येतात. गाण्यासाठी एकही नाही.

*

साताऱ्यात एका गॅदरिंगला बोलावलं होतं आणि दुपारी पेडल बंद पडला. स्टँडजवळच्या एका रिपेरीवाल्याकडे टाकला. तासाभरानं गेलो तर गडी खुशीत.

"लय खरखर हुती, समदी काढली!"

वाजवून बघितलं. गिटार इतकी गोड, इतकी स्वच्छ की ऐकवेना. तो म्हणाला, "आता भजनालाबी चालंल!" वर मला चहा पाजला.

मी त्याच्या पायरीवर बसलो. रडायचंच बाकी होतं. पुढं विश्रामबागच्या काकांनी पेडल पुन्हा बिघडवून आणून दिला, ते सोडा. पण त्या दिवशी मला पक्कं वाटलं की ह्या मुलखात माझ्यासारखे कान असलेला दुसरा माणूसच नाही. पेडल बिघडवून मिळतो, लोकांचे कान कुठून आणायचे?

*

मग सगळं संपतच गेलं. सम्या नोकरीला पुण्याला गेला. विन्या पुन्हा वराती वाजवायला लागला. अण्णांनी शेड विकलं. दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची होती, म्हणून माझा अँप, गिटारचा स्पीकर, आणायला मी एकटाच गेलो. अण्णा गेटशी होते. रोजच्यासारखेच खुर्ची टाकून.

आत शेड मोकळं. उचलायच्या आधी शेवटचं म्हणून पेडल लावला आणि एक रिफ, गाण्यातला फिरून फिरून येणारा तुकडा, वाजवली. पत्र्याखाली असा काही घर्रर्र आवाज घुमला म्हणून सांगू! कुणी ऐकायला नाही, ह्याचं इतकं वाईट वाटलं की मी मध्येच थांबलो.

मागं वळलो तर अण्णा दारात. हातात खुर्ची.

"थांबलास का रं?"

"झालं अण्णा. निघतोच."

"थांबू नगंस." त्यांनी शेडच्या मधोमध खुर्ची टाकली. "आजून पाच वाजलं न्हाईत."

मी वाजवत राहिलो. येत होतं ते सगळं वाजवून झालं, मग नुसती एकच कॉर्ड घासत बसलो. बोटं सोलली. अण्णा हलले नाहीत.

पाच वाजता ते उठले. भिंतीपाशी जाऊन स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला. आवाज तुटला. मग त्या रिकाम्या शेडकडे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत अण्णा म्हणाले,

"चला रं, हात धुवा."